पंधरा थाउ

जुनी स्पोर्ट्स कार पाळणाऱ्या माणसाला गाडी चालवायची हौस असते, असं लोकांना वाटतं. मला विचाराल तर त्याला बॉनेट उघडून बाजूला उभं राहायची हौस असते. चालती गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते. आत कोण बसलं होतं याची कोणी चौकशी करत नाही. उभ्या गाडीशेजारी मात्र तासभर रेंगाळता येतं, खांद्यावर फडकं टाकता येतं, आणि "मॉडेल कोणतं?" असं कोणी विचारलं की "सदुसष्ट" हे उत्तर अशा थाटात देता येतं, की ऐकणाऱ्याला वाटावं, ॲबिंग्डनच्या कारखान्यात तिचे नट यानेच आवळले असतील.

माझी ही ॲबिंग्डनची एमजीबी लाल आहे. तारांची चाकं, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि क्रोमचा बंपर. त्यातला बंपर सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेतल्या सुरक्षेच्या नियमांपायी १९७४ मध्ये एमजीबीला काळ्या रबराचे बंपर आले आणि आमच्या पंथात दोन जाती झाल्या. क्रोमवाले रबरवाल्यांशी हसून बोलतात, त्यांना पाना उसना देतात, पण सोयरीक करत नाहीत. तरुणपणी मी जातिभेदाविरुद्ध भाषणं ठोकली आहेत. तरीही रविवारी पबच्या पार्किंगमध्ये एखादा रबरवाला शेजारी येऊन लागला की माझी गाडी थोडी पुढे सरकते. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, ही माहितीसुद्धा मी आपणहून कोणाला देत नाही.

तर ही गाडी मिसिंग करायला लागली. प्लग बदलले, वायरी बदलल्या, कॅप बदलली. टायमिंग लाइट धरली, तर पुलीवरची खूण एका जागी ठरेना. नेमके त्याच उन्हाळ्यात मामा बर्मिंगहॅमला आमच्याकडे राहायला आले.

मामा सातारला पीडब्ल्यूडीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी अँबॅसडरवर. मी त्यांना मोठ्या रुबाबात गॅरेजमध्ये नेलं, एका झटक्यात गाडीवरचं कापड ओढलं. मामांनी ना रंगाकडे पाहिलं, ना चाकांकडे. "बॉनेट उघड," म्हणाले. आत वाकले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"आरं लेका, ही तर आपली अँबॅसडर!"

दुर्दैवाने ते खरं आहे. अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं बी-सिरीज इंजिन होतं, १४८९ सीसीचं. तेवढ्याच सीसीचं त्याच घराण्यातलं इंजिन एमजीए या देखण्या गाडीतही होतं, आणि माझ्या एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन हा त्यांचाच थोरला भाऊ. म्हणजे ज्या गाडीवर टेकून मी फोटो काढून घेतले, तिचं काळीज सातारच्या सरकारी टॅक्सीचं! कुंपणापलीकडे शेजारचे गोरे आजोबा गुलाब छाटत होते. त्यांना कळू नये म्हणून मी मामांना हळू बोलायला सांगितलं. मामा मराठीतच बोलत होते, तरीही सांगितलं.

मामांनी क्लिपा उचकटून कॅप काढली, रोटर काढला, वर आलेला दांडा दोन बोटांत धरला आणि हलवला. दांडा हलला.

"डेल्कोचं बुश गेलंय."

ज्यांनी आयुष्यात बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिस्ट्रिब्युटर, मामांच्या भाषेत डेल्को, म्हणजे पंगतीतला वाढपी. चार सिलिंडर पानावर बसलेले. पहिल्याला वाढलं की तिसऱ्याला, मग चौथ्याला आणि सगळ्यात शेवटी दुसऱ्याला. पण दुसरा त्यावरून कधी रुसत नाही. इंजिन तीन हजार आरपीएमने फिरत असेल तर हा वाढपी सेकंदाला शंभर ठिणग्या वाढतो. प्रत्येक ठिणगीच्या वेळी पॉइंटच्या दोन टिकल्या एकमेकींपासून सुटाव्या लागतात, आणि त्यांच्यातलं अंतर हवं पंधरा थाउ, म्हणजे एका इंचाचे पंधरा हजारांश. त्यांना सोडवणारा कॅम ज्या दांड्यावर बसतो, तो दांडा ब्राँझच्या एका नळीत फिरतो. ती नळी म्हणजे बुश. ते झिजलं की दांडा डुलायला लागतो; या डुलण्याला म्हणायचं 'प्ले'. तो पाच थाउ डुलला तरी तेवढ्यानेच गॅपमध्ये एक तृतीयांशाचा फरक पडू शकतो. मग कोणाच्या पानात भात लवकर, कोणाच्या उशिरा, आणि पंगतीत बोंबाबोंब.

पंधरा थाउचा विषय निघालाच आहे, तर व्हिजिटिंग कार्डांबद्दल बोललं पाहिजे. डिस्ट्रिब्युटर थांबू शकतो.

हा गॅप मोजायला फिलर गेज लागतो. मामांच्या खात्यातही तो होता, पण कपाटात. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर रजेवर. त्यामुळे मामांनी स्वतःची पद्धत काढली. साहेबांना भेटायला येणारा प्रत्येक जण व्हिजिटिंग कार्ड द्यायचा. साहेब ते गाडीत टाकून द्यायचे. मामा ते उचलून पॉइंटमध्ये घालून पाहायचे. अशा रीतीने सातारा जिल्ह्यातल्या प्रतिष्ठित व्यक्तींची जाडीनुसार वर्गवारी मामांकडे तयार झाली. ठेकेदाराचं कार्ड वीस थाउ; बिल मंजूर झालं की त्याचंच नवं कार्ड बावीस. डॉक्टरांचं दहा. वकिलाचं आत जायचं सरळ, पण बाहेर येताना मागे तंतू सोडायचं. पुढाऱ्याचं दिसायला भारदस्त, पण जरा अडचणीत घातलं की दुमडायचं. पंधरा थाउला तंतोतंत उतरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होता, कऱ्हाडचा एक विमा एजंट. मामा दर वर्षी त्याच्याकडून आठवणीने कार्डं मागून घ्यायचे. पॉलिसी मात्र एकही घेतली नाही. हे गिऱ्हाईक आज ना उद्या गळाला लागणार, या आशेवर तो बिचारा शेवटपर्यंत कार्डं पुरवत राहिला.

त्यातलं एक कार्ड मामांच्या पाकिटात अजून होतं. मामा चहाला आत गेल्यावर मी ते मायक्रोमीटरमध्ये धरलं. ०.३८ मिलिमीटर. पंधरा थाउ.

मामा परत आल्यावर मीही माझं कार्ड पुढे केलं. सुती कागद, उठावाची छपाई, नावाखाली चांगला लांबलचक हुद्दा. मामांनी ते पॉइंटमध्ये सरकवलं. ते अर्ध्यात अडकलं.

"जाड हाय रं," मामा म्हणाले. "हुद्दा जरा कमी कर."

असो. आता डिस्ट्रिब्युटर. इलाज तीन होते. पहिला म्हणजे डच बनावटीचा 'वन टू थ्री' हा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. बाहेरून जुन्यासारखा, पण आत ना पॉइंट, ना कंडेन्सर, ना स्प्रिंगा. ॲडव्हान्सचे, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची याचे, सोळा आलेख त्यात भरूनच येतात. एक बारकं बटण फिरवून हवा तो निवडायचा. त्याच्या एका अवताराला ब्लूटूथसुद्धा आहे. सीटवर बसून मोबाइलवरून टायमिंग बदला. मला मोह झाला. मामांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शांतपणे पूर्ण पाहिला आणि विचारलं, "मग तू काय करणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा सगळा रविवार पणाला लागला होता.

दुसरा इलाज जुन्या नमुन्याची नवी नक्कल आणण्याचा. पण नकली सुट्या भागांचा मला आलेला अनुभव सांगताना विनोद सुचत नाही. नवे पॉइंट आणले, त्यांची प्लास्टिकची टाच बघता बघता झिजली आणि गॅप मिटला. नवा कंडेन्सर भर पावसात मोटरवेवर गेला. नव्या रोटरमधून ठिणगी प्लगपर्यंत जायचं सोडून मधल्या रिव्हेटमधून दांड्यातच उतरत होती. डबे मात्र सुंदर; जुना रंग, जुनी अक्षरं, वर 'अस्सल'ची ग्वाही. लुकास कंपनीच्या नावाने इंग्रज लोक अजून कुत्सित विनोद करतात, तिला 'अंधाराचा राजकुमार' म्हणतात. पण याच बर्मिंगहॅममधल्या त्या कंपनीचा डिस्ट्रिब्युटर माझ्या गाडीत अर्धशतकाहून जास्त टिकला, तोही तेलाचा थेंब न मिळता. तिकडे मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएसचा कारखाना निघाला, आणि तिथला माल मामांनी हयातभर वापरला. नुसतं दिसण्यावर जगण्याचा धंदा माझा आहे. कंडेन्सरने तो करू नये.

म्हणून तिसरा इलाज केला: जुनाच डिस्ट्रिब्युटर उघडून बांधायचा. शहराबाहेर एक वयस्क गृहस्थ घरामागच्या शेडमध्ये हे काम करतात. त्यांच्याकडे सन कंपनीचं जुनं परीक्षण यंत्र आहे. त्यावर डिस्ट्रिब्युटर फिरवला की अंशांच्या वर्तुळावर चार खुणा चमकतात. त्या एकमेकींपासून नव्वद अंशांवर ठाम उभ्या राहायला हव्यात. माझ्या चारही खुणा थरथरत होत्या. मामा आणि ते गृहस्थ, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघांनी आळीपाळीने दांडा हलवला, एकमेकांकडे पाहून मान डोलावली, आणि त्यानंतर दुपारभर मला कोणी काही विचारलं नाही.

नवं बुश बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवतात. ते सच्छिद्र असतं. तेल पिऊन बसतं आणि मग वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतं. त्याला रीमर लावायचा नाही, छिद्रं बुजतात. ताणलेल्या स्प्रिंगा बदलल्या. व्हॅक्यूमचा फाटका पडदा बदलला. शेवटी त्या गृहस्थांनी रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडले आणि माझ्याकडे बोट रोखून काहीतरी बजावलं. मामांना ते भाषांतराशिवाय कळलं.

कारण मामा हेच करत. दर महिन्याला रोटर काढून दोन थेंब, कॅमला बोटाच्या टोकाएवढं ग्रीस. महाबळेश्वरच्या पावसात रात्रभर डाक बंगल्याबाहेर भिजलेली अँबॅसडर सकाळी पहिल्या सेल्फला उठायची. मागच्या सीटवरच्या साहेबांना ती का उठते हे कधी कळलं नाही. न उठलेली गाडी सगळ्यांना दिसते, उठलेली कोणाला दिसत नाही. निरोप समारंभात मामांना शाल-नारळ मिळाला, आणि साहेब त्यांच्याबद्दल 'वक्तशीर' एवढंच बोलले. आणि मी? शाळेत मित्रांना सांगायचो, "माझे मामा पीडब्ल्यूडीत आहेत." वाक्य तिथेच संपायचं. मित्रांना वाटायचं इंजिनिअर असतील. मी वाटू द्यायचो.

आता गाडी सुतासारखी सरळ चालते. टायमिंगची खूण जागची हलत नाही. पंचाईत एवढीच, की एवढा खर्च करून जी वस्तू आत गेली ती कोणालाच दिसत नाही. बॉनेट उघडलं तरी दिसत नाही, कॅप काढली तरी दिसत नाही. माझ्या स्वभावाला हे मानवणारं नाही. म्हणून मी झिजलेलं बुश मागून आणलं, ब्रासोने चमकवलं आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलं. पाहुणे आले की त्यांना ते हातात देतो, एक खिळा घालून हलवून दाखवतो आणि मामांपासून सगळी हकीकत सांगतो. हल्ली पाहुणे चहा लवकर संपवतात.

परवा शोकेसमधून बुश नाहीसं झालं. शोधलं, तर देव्हाऱ्यापुढे उभं, आत उदबत्ती. बायकोला विचारलं.

"उदबत्तीचं घर शोधत होते, हे बरं सापडलं," ती म्हणाली. "पण काही खरं नाही. उदबत्ती डुलते. यात प्ले फार आहे."