गालिच्याची पाठ

डोंबिवलीच्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलसाठी मोबाईलवर गालिचा निवडला. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम, असा आमचा भाबडा समज. निघालं कृत्रिम, ‘आर्टिफिशियल’चं शेपूट कापलेलं! फोटोत तो राजवाड्यात पसरला होता, घरी आला तो पायपुसण्याचा थोरला भाऊ.

जाणकार म्हणतात, पाठ पाहा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, गोंदाच्या भरवशावरचा. झालर विणीतूनच आलेली, की नंतर शिवलेली? पण फोटोत पाठ दाखवतो कोण! लग्नाच्या स्थळांचे फोटो याहून प्रामाणिक असतात.

गालिचा परत गेला. तूर्त हॉलमध्ये आईची सोलापुरी चादर अंथरली आहे. तिची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते.