आधी पाडा, मग बघू

अमरावतीच्या राजापेठेत सध्या भारतीय पुरुष हॉकी संघाचे दोन तुकडे झालेले आहेत. संघाला अजून कोणी कळवलेलं नाही एवढंच. एक पक्ष म्हणतो, "हे सारे बुढे घरी बसवा, पोट्टे घ्या, दोन-चार वर्षं हरू द्या, मंग पाहा." दुसऱ्याचं म्हणणं, "काहून हराचं बाप्पा? जिंकाले पाठवलं न त्याइले!" 2025 च्या जूनमध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात भारत ओळीने सात सामने हरला, तेव्हा पाडापाडीवाल्या पहिल्या पक्षात उभं राहायला जागा नव्हती. पुढे 7 सप्टेंबरला राजगीरला कोरियाला 4-1 ने हरवून आशिया चषक जिंकला, 2026 च्या विश्वचषकाची जागाही पक्की झाली, आणि त्या रात्री याच पक्षात सतरंज्या उचलायलाही कोणी उरलं नाही. अडीच महिन्यांत संघातली माणसं फारशी बदलली नव्हती. बदललं ते राजापेठेचं मत, आणि त्याला निवड समिती लागत नाही. त्या सात पराभवांतले सहा एकेका गोलाने झाले होते, हा तपशील कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. एका गोलाने हरणाऱ्या घराचं छप्पर गळत असतं. त्यावर जेसीबी मागवणाऱ्याला दुरुस्तीपेक्षा धुळीची हौस जास्त असते.

पाडा पक्षाचा लाडका दाखला परदेशातून येतो. अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत तळाला गेलेल्या संघाला नवख्या खेळाडूंच्या निवडीत आधी हात घालायची संधी मिळते. तिथे हरणं ही एक प्रकारची गुंतवणूक असते, आणि काही संघ ती मन लावून करतात. आपल्या हॉकीत हरणाऱ्याला काय मिळतं? आपला महिला संघ 2024-25 च्या प्रो लीगमध्ये तळाला राहिला, तर त्याला थेट खालच्या नेशन्स कपमध्ये धाडण्यात आलं. म्हणजे नेदरलँड्स-अर्जेंटिनाशी वर्षभर खेळून जे शिकायचं, तो वर्गच बंद. 2008 च्या मार्चमध्ये पुरुष संघ चिलीत ब्रिटनकडून 2-0 ने हरला आणि बीजिंग ऑलिम्पिकला गेलाच नाही. त्या हरण्याच्या बदल्यात आपल्याला कोणी एक पेनल्टी कॉर्नरवालाही दिला नाही. चार वर्षांनी लंडनला सहाच्या सहा सामने हरून बारा संघांत बारावे आलो. पाडापाडीने संघ उभा राहत असता, तर 2012 साली आपण जगज्जेते व्हायला हवं होतं.

पाडण्याचा शास्त्रशुद्ध प्रयोगही आपण करून पाहिलेला आहे. 1998 साली बँकॉकला धनराज पिल्लेच्या संघाने बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं. त्याचं बक्षीस म्हणून धनराजसह सात ज्येष्ठांना 'विश्रांती' देण्यात आली. सोयी आणि मानधन यांवरून ही मंडळी जाहीर बोलली होती, त्याचा या विश्रांतीशी संबंध लावणारे लोक अर्थातच संशयी स्वभावाचे. दोन वर्षांनी सिडनीत संघ सातवा आला. लंडनच्या बाराव्या क्रमांकानंतर मात्र उलटं घडलं. श्रीजेश आणि मनप्रीत लंडनला होते; नऊ वर्षांनी टोकियोत मनप्रीत कर्णधार होता आणि जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणांतला पेनल्टी कॉर्नर श्रीजेशनेच अडवला. 5-4, एक्केचाळीस वर्षांनी पदक. मधल्या काळात पाडला गेला तो प्रशिक्षक. नॉब्स, वॉल्श, व्हॅन अस, ओल्टमन्स, मारिन्ये, हरेंद्र सिंग आणि रीड, अशी लंडन ते टोकियो सात नावं झाली. आपल्याकडे नवबांधणी म्हणजे दारावरची पाटी बदलणं. पदक आलं, कारण पाटीच्या आत काही माणसं टिकून होती.

यावर पाडा पक्ष रास्त प्रश्न विचारतो: जुनेच टिकले तर पोट्ट्यांनी जायचं कुठे? उत्तर आहे लखनौ. तिथे 2016 च्या डिसेंबरमध्ये आपण ज्युनियर विश्वचषक जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत, सिमरनजीत, गुरजंत, नीलकांता टोकियोत खेळले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात सिमरनजीतने दोन गोल केले. ही पोरं म्हाताऱ्यांना हाकलून रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसली नव्हती, स्वतःची स्पर्धा जिंकून आली होती. जिंका पक्षाने यावर फार टाळ्या वाजवू नयेत. त्यांना फक्त वरचा संघ दिसतो आणि पदक मिळेस्तोवर ज्युनियर नावाचा प्राणी आठवत नाही. 2023 च्या घरच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीही हुकली तेव्हा याच जिंकावाद्यांनी रीडचा राजीनामा विजयासारखा साजरा केला होता.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर नागपूरकडे पाहा. विदर्भ 1957-58 पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आपण उत्तम पाहुणे होतो, येऊन हरून जायचो. 2017-18 साली इंदूरला दिल्लीला हरवून चषक आला. त्या संघात एकोणचाळीस वर्षांचा वसीम जाफर होता, आणि त्याच अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आणि शतक ठोकणारा नवखा यष्टीरक्षक अक्षय वाडकरही होता. पुढे 2024-25 मध्ये तिसरा चषक आला तेव्हा वाडकर कर्णधार होता. एका बाजूला कर्नाटकातून आणलेला करुण नायर, दुसऱ्या बाजूला हंगामात 69 बळींचा विक्रम करणारा बावीस वर्षांचा हर्ष दुबे. बांधायचं की जिंकायचं, असं या संघाला विचारलं असतं तर त्यांनी प्रश्नकर्त्याला पाणी पाजून बसवलं असतं. कोणी म्हणेल, क्रिकेटकडे पैसा आहे, हॉकीकडे कुठे? खरं आहे. पण पैसा नसलेल्याने तर मोडतोड आणखीच कमी करावी. श्रीमंतालाच दर दोन वर्षांनी घर पाडून बांधणं परवडतं.

खरं दुखणं असं की दोन्ही पक्ष संघाचं वरचं टोक धरून भांडतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली ज्या बर्लिनला देशी खेळ दाखवायला गेलं, त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंदच्या संघाने जर्मनीला 8-1 ने हरवलं होतं. इतका जुना सोयरसंबंध असलेल्या शहरात हॉकीवर बोलणारे शेकड्याने सापडतात. शेजारच्या यवतमाळचा आकाश चिकटे भारताचा गोलरक्षक होता, 2017 ला ढाक्याला आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होता. त्याचं नाव वाद घालणाऱ्यांपैकी कितीजणांना आठवतं? तेव्हा दोन्ही पक्षांना एकच विनंती. जिल्ह्याची शालेय नेहरू हॉकी स्पर्धा लागली की एक सकाळ तिकडे जा, कोणाच्या हातात कसली स्टिक आहे आणि मैदान कशाचं आहे ते पाहा, आणि मग मागायचंच असेल तर मैदान मागा. हरमनप्रीतला ठेवायचं की काढायचं, ते राजापेठेशिवायही ठरेल.