ठोकळ्यांना आलेली स्थळं

भाचीने पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे वाच. तुझ्या ठोकळ्यांवर आहे." त्या 'तुझ्या'त टोमणा होता. जत्रेतून आणलेला, हातात धरून ठोकळे रचायचा एक ब्रिक गेम आमच्या घरी वर्षानुवर्षं होता, आणि तो मुलांसाठी आणला होता असं मी अजूनही सांगते. दुपारी घर झोपलं की मी तो घेऊन पंख्याखाली बसायची. सेल मंदावले की ते गच्चीवर उन्हात ठेवायचे आणि शेजारी कुरडयांची राखण करतेय असा आव आणायचा.

पुस्तक बॉक्स ब्राउन या अमेरिकी चित्रकाराचं, २०१६ सालचं. टेट्रिस या खेळाचा सबंध इतिहास चित्रकथेत. रंग मोजून तीन: काळा, पांढरा, पिवळा. आधी मला शंकाच आली. या खेळात ना राजपुत्र ना राक्षस. वरून ठोकळा येतो, आपण तो वळवतो, आडवी ओळ भरली की नाहीशी होते. याची चित्रकथा काढायची म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांचं चरित्र लिहायचं! पण खेळाला गोष्ट नसली तरी त्याच्या कागदपत्रांना आहे, आणि ती चांगलीच नाट्यमय आहे.

कीर्तनकार पूर्वरंगात थेट सृष्टीच्या आरंभाला हात घालतो, तसा ब्राउनही आदिम माणसापासून सुरुवात करतो. वाटेत क्योटोतलं १८८९ सालचं एक दुकान लागतं. तिथे फुसाजिरो यामाउची पत्ते बनवून विकतो. दुकानाचं नाव निन्टेंडो. मग उत्तररंग मॉस्कोत, १९८४ साली.

सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सी पाझितनोव्ह नोकरीला होता. यंत्राला माणसाचं बोलणं कसं कळेल हे शोधणं, हे त्याचं काम. काम सोडून तो जे करत होता, त्यामुळे जगाला त्याचं नाव ठाऊक आहे. पाच-पाच चौकोनांचे बारा तुकडे डबीत बसवायचं एक जुनं कोडं त्याला आवडायचं. त्याने एकेक चौकोन कमी केला, तेव्हा तुकडे उरले सात. ग्रीक भाषेतलं चार आणि त्याचा लाडका टेनिस मिळून नाव झालं टेट्रिस. त्याच्या वाट्याचा 'इलेक्ट्रॉनिका ६०' हा संगणक चित्र काढूच शकत नव्हता, म्हणून ठोकळे चौकटी कंसांचे केले. अर्जांमध्ये 'लागू नसेल ते खोडा' हे ज्यांत छापतात, तेच कंस! पुढे वादिम गेरासिमोव्ह नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने खेळ आयबीएमच्या संगणकावर आणला, आणि लोणच्याची कृती वहीतून वहीत उतरावी तसा तो फ्लॉपीतून फ्लॉपीत उतरत गेला. व्लादिमिर पोखिल्को या मानसशास्त्रज्ञ मित्राने तो आपल्या वैद्यकीय संस्थेत नेला. तिथली कामं ठप्प झाली आणि शेवटी त्यालाच बंदी घालावी लागली. ही बंदी वाचून मला उगीचच हायसं वाटलं.

पैसे मात्र मिळाले नाहीत. सोव्हिएत राजवटीत असली वस्तू आपली म्हणून विकायची सोयच नव्हती. पाझितनोव्हने दहा वर्षांसाठी हक्क सरकारला देऊन टाकले. म्हणजे मुलगी याची, पण कन्यादानाचा अधिकार सरकारी खात्याचा.

मग स्थळं येऊ लागली. रॉबर्ट स्टाइन या लंडनच्या व्यापाऱ्याने हा खेळ हंगेरीत पाहिला आणि मॉस्कोला टेलेक्स केला. उलट टेलेक्स आला की आम्हाला रस आहे. 'पाहायला हरकत नाही' एवढ्यावर या गृहस्थाने पत्रिका छापल्या! त्याने हक्क मिररसॉफ्ट या कंपनीला विकले, तिथून ते आणखी पुढे गेले, आणि फिरत फिरत जपानात खेळ विकणाऱ्या हेंक रॉजर्सच्या हाती पोचले. मुलीच्या घरी अजून कोणाला पत्ता नाही.

१९८९च्या फेब्रुवारीत तिघं मॉस्कोत एकाच सुमारास उगवले. एक स्टाइन. दुसरा केव्हिन मॅक्सवेल, मिररसॉफ्टचा मालक असलेल्या वृत्तपत्रसम्राटाचा मुलगा. तिसरा रॉजर्स, पर्यटक व्हिसावर, बोलावणं नसताना. 'एलोर्ग' या सरकारी खात्याच्या निकोलाय बेलिकोव्हने तिघांना एकमेकांच्या दृष्टीस न पडता वेगवेगळं बसवलं. आपल्याकडे एकाच दिवशी तीन ठिकाणची मंडळी कांदेपोह्यांना आली तर काय होईल, तेच. चित्रकथेला अशा प्रसंगाचं वावडं नाही, कारण चौकट म्हणजे खोलीच. शेजारी शेजारी चौकटी काढल्या की कोणाला काय माहीत नाही हे वाचकाला आपोआप दिसतं. मला हे लिहायला एक परिच्छेद खर्ची घालावा लागला.

रॉजर्सने जपानात विकलेली आपली टेट्रिसची कार्ट्रिज मोठ्या विश्वासाने टेबलावर ठेवली. बेलिकोव्ह म्हणाला, हे हक्क आम्ही कोणाला दिलेलेच नाहीत. बेलिकोव्हने तीच कार्ट्रिज मॅक्सवेलला दाखवली, तर तो म्हणाला, ही नक्कल असणार. वास्तविक ती त्याच्याच घरातून पुढे गेलेली होती! स्टाइनकडून बेलिकोव्हने करारातल्या एका दुरुस्तीवर सही घेतली. त्याचं सगळं लक्ष याद्यांतल्या देण्याघेण्यावर, म्हणजे पैसे उशिरा दिले तर किती दंड, यावर. खालच्या ओळीत संगणकाची व्याख्या होती: ज्याला प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम आहे तो. टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राला कीबोर्ड कुठला? एका व्याख्येत स्टाइनच्या हातून ते हक्क गेले. बेलिकोव्ह आपल्याकडे जन्मला असता तर हाउसिंग सोसायटीचा तहहयात सेक्रेटरी झाला असता.

मुलगी रॉजर्समार्फत निन्टेंडोच्या घरी पडली. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यांत मला रस नाही. पण निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखाला रॉजर्सने जे पटवलं, ते मी दोनदा वाचलं. गेम बॉय या हातात धरायच्या नव्या खेळयंत्रासोबत मारिओचा खेळ दिलात तर तो मुलगे घेतील, टेट्रिस दिलात तर सगळे घेतील. गेम बॉयवरचा टेट्रिस साडेतीन कोटींच्या आसपास खपला. पाझितनोव्हला स्वतःच्या मुलीचा हक्क १९९६ साली परत मिळाला, तोही रॉजर्सबरोबर कंपनी काढून. वाटाघाटींच्या धामधुमीत या दोघांची गट्टी जमली होती.

पुस्तक परत करताना भाचीला म्हटलं, "इतक्या जणांनी मागणी घातली, आणि सोयरीक शेवटी एकाच घरी झाली." तिने माळ्यावरून काढलेला ब्रिक गेम उलटा करून दाखवला. पाठीवर ९९९९ खेळ असल्याचा दावा होता. कंपनीचं नाव नव्हतं, देशाचं नव्हतं, टेट्रिसचं तर नव्हतंच.

"मग मावशी, ही कोणाच्या संमतीने आली आपल्याकडे?"

पळून आलेल्या मुलीला इतकी वर्षं मी घरात ठेवून घेतलं होतं, वर तिच्यासाठी उन्हात सेल तापवले होते. मी तो हातात घेतला. सेलच्या कप्प्यात हिरवट बुरशी धरली होती. "नवे सेल आहेत का गं घरात?" मी विचारलं.