तात्पुरते वळण

नागोठण्याच्या अलीकडे हायवेवर एक पाटी आहे: 'तात्पुरते वळण'. पत्र्याला गंज चढला होता, खांबाला रानवेलीने विळखा घातला होता. नट निसटल्यामुळे बाण खाली झुकला होता आणि थेट भाताच्या खाचराकडे बोट दाखवत होता.

पाटीशेजारी आधी वडापावची गाडी आली. मग शेड झाली, मग भिंती, परवा स्लॅब पडला. मुंबई-गोवा महामार्गावर पक्कं बांधकाम होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

पळस्पे ते इंदापूर हे 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. आदल्याच वर्षी महामार्गाचा नंबर 17चा 66 करून टाकला होता. रुंदीकरण वेळेत झालं ते आकड्याचंच! तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांना मिसरूड फुटलं, पाटी मात्र अजून तात्पुरतीच. अशा सरळ रस्त्याला इतकी वळणं लावणाऱ्यांच्या घरची मुलं किती वळणदार असतील, या विचाराने मी कधीकधी भारावून जातो. बरं, कोलाडला पुलाचं काम निघालं की पर्यायी मार्ग ठरलेला: वाकण, भिसे खिंड, रोहा, कोलाड. म्हणजे आम्ही रोहेकरांनी हायवेला जायचं नाही, हायवेच आमच्या दारात येणार. येताना कंटेनर आणणार, खिंडीत अडकणार, आणि आमच्या साध्या रस्त्याची चाळण करून परत जाणार. मग त्या रस्त्याचं काम निघणार. त्याला पर्यायी मार्ग कुठला? हायवे!

पूर्ण कधी होणार, तर 'गणपतीपूर्वी'. कुठल्या सालच्या, हे विचारणारा नास्तिक. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती निघतात त्या पेंढ्यात नीट बसवून. देवाला रस्ता ठाऊक आहे. माणसाला पेंढाही नाही. बाळंतिणीला पनवेलला नेणारी अँब्युलन्स वडखळच्या कोंडीत सायरन वाजवत उभी राहते, आणि तिला वाट द्यायची म्हटली तर द्यायला वाटच नसते. दुतर्फाची जुनी झाडं तोडली, सावली गेली, धूळ आली, कमरा गेल्या, माणसं गेली. आणि हे तात्पुरतं? कुणाच्या आयुष्याच्या मानाने तात्पुरतं, तेवढं तरी त्या पाटीवर लिहा!

गेल्या आठवड्यात कामगार आले. वेल तोडली, खांब सिमेंटमध्ये पक्का केला, नवा पत्रा ठोकला. 'तात्पुरते' या शब्दाला आता रेडियम लावलंय.