सहा अँपिअरच्या सॉकेटवर गीझर चालवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम, गीझरवरची पट्टी वाचू नये. तिच्यावर 2000 वॉट, 230 व्होल्ट असं छापलेलं असतं आणि ते वाचलं की भागाकाराचा मोह आवरत नाही. 2000 ला 230 ने भागलं की करंट निघतो 8.7 अँपिअर; 230 ला पुन्हा 8.7 ने भागलं की कॉइलचा रोध निघतो, साधारण 26.5 ओहम. 8.7 हे सहापेक्षा जास्त आहेत हे चौथीतल्या मुलालाही कळतं, म्हणून चौथीतल्या मुलांना या कामापासून लांब ठेवावं. गीझरच्या प्लगच्या पिना मुद्दाम जाड केलेल्या असतात, लहान सॉकेटमध्ये जाऊ नयेत म्हणून. त्यावर बाजारात कन्व्हर्जन प्लग मिळतो. तो लावला की पिनांची अडचण मिटते, आणि अँपिअर डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांची अडचण मुळात नव्हतीच असं धरून चालता येतं.

या पद्धतीत उणीव एकच. हिशेब टळत नाही, फक्त करणारा बदलतो. व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं नातं ओहमने 1827 मध्ये छापून टाकलं. तारेत होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे जूलने 1841 मध्ये दाखवलं. सॉकेटला यातलं काही वाचावं लागत नाही. समजा, आतल्या पत्त्या ढिल्या होऊन तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला. 70 वॉटचा पंखा जेमतेम 0.3 अँपिअर घेतो; त्या ढिल्या जागी वॉटचा विसावा भागही उष्णता होत नाही, आणि सॉकेट वर्षानुवर्षं गुणी वाटतो. गीझर लावला की करंट अठ्ठावीसपट होतो, उष्णता मात्र आठशेपटीच्या आसपास, म्हणजे सुमारे 36 वॉट. सोल्डरिंगची इस्त्री एवढ्यावरच शिसं वितळवते. मग पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं, जळका वास येतो आणि प्लग ओढला तरी निघत नाही. उत्तर आलेलं असतं.

‘एमसीबी आहे की!’ हा पहिला आक्षेप. सोळाच्या एमसीबीला साडेआठ अँपिअरबद्दल काहीच तक्रार नसते. ढिल्या जोडाने तर करंट किंचित कमीच होतो. एमसीबी सहाचा असून पडत असेल, तर सोळाचा बसवावा, म्हणजे भिंतीतल्या वायरचंही संरक्षण संपतं आणि पद्धत पूर्ण होते. दुसरा आक्षेप, ‘आमच्याकडे व्होल्टेजच कमी.’ 180 व्होल्टला हाच गीझर 6.8 अँपिअर घेतो आणि 1225 वॉटच देतो: सॉकेटला तरीही जास्त, आंघोळीला मात्र कमी. तिसरा आक्षेप जाणकारांचा: मोटरवर चालणाऱ्या यंत्रांना हा सरळ भागाकार लागू पडत नाही. खरं आहे. तिथे पॉवर फॅक्टरमुळे प्रत्यक्ष करंट भागाकारापेक्षा जास्त निघतो, म्हणजे सूत्र चुकलं तरी सॉकेटच्या फायद्याचं चुकत नाही.

एवढं वाचूनही पद्धत झेपणार नाही असं वाटलं, तर सामान्य मार्ग उरतो. वायरमनकडून सोळा अँपिअरचा सॉकेट, त्याला पेलेल अशी स्वतंत्र वायर आणि अर्थिंग करून घ्यावं. भागाकार तिथेही होतोच. फक्त तो सॉकेट वितळण्याआधी होतो.