दिवाणी दावा कसा लढावा (नातवंडांसह)

दाव्याला लागणारी पहिली वस्तू म्हणजे बांध. तो सख्ख्या चुलतभावाशी सामाईक असेल तर फारच उत्तम. बांध हातभर सरकल्याचा संशय आला की भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून मोजणी करून घेता येते. पण तसे केल्यास वाद तिथेच मिटण्याचा धोका असतो. म्हणून सरळ वकील गाठावा.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे. तेव्हा चौकशी कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर करावी. ‘हे वकीलसाहेब आजवर एकही दावा हरलेले नाहीत,’ असे तिथे कोणाबद्दल तरी ऐकू येईल. त्यांचा एकही दावा अजून संपलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच भेटीत जो सातबारा, फेरफार आणि मोजणीची ‘क’ प्रत मागेल, अतिक्रमण नेमके कधी झाले हे खोदून विचारेल आणि वर ‘दादा, जागा अर्धा गुंठा, खर्च किती करणार?’ असे म्हणेल, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. अशा माणसापुढे ईर्ष्या टिकत नाही. जो कागदाला हात न लावता ‘पहिल्या तारखेला स्टे आणतो’ म्हणेल, त्याच्या वकीलपत्रावर डोळे मिटून सही करावी. पावती मागून त्याचा अपमान करू नये. ‘जिंकलो तर जमिनीत हिस्सा देतो,’ असेही म्हणू नये. निकालावर फी ठरवणे वकिलाला नियमाने वर्ज्य आहे, म्हणजे हरलो तरी फी द्यायचीच.

मग समन्स निघते. बेलिफ ते घेऊन जातो त्या दिवशी प्रतिवादी नेमका पंढरपूरला गेलेला असतो. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत त्याने कैफियत द्यावी, असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. ही संहिता 1908 सालची. घरातल्या म्हाताऱ्यांचे ऐकावे तसे तिचे ऐकतात, मान डोलावून. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असेही तिच्यात लिहिले आहे. आमच्या घरच्या दाव्यातल्या त्या तीन मी पहिलीत असतानाच संपल्या होत्या.

दरम्यान निशाणी 5, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. त्यावर समोरचा ‘से’ देतो, युक्तिवाद होतो, हरलेला अपिलात जातो आणि मूळ दाव्याला जरा विश्रांती मिळते. मुद्दे निघतात, सरतपासाचे प्रतिज्ञापत्र होते आणि आपण उलटतपासाला उभे राहतो. ‘बांधावरची बाभूळ कोणी लावली?’ याचे उत्तर ‘माहीत नाही’ एवढेच असते. पण आपला माणूस आजोबांपासून सुरुवात करतो. कोणत्या दुष्काळात लावली, शेळ्या कोणाच्या होत्या, शेंगा कोण झोडायचे, सगळे सांगतो. शेंगा चुलता झोडायचा. समोरचा वकील हसून खाली बसतो.

पक्षकार वारला तर 90 दिवसांत वारस लावावेत, नाहीतर दावाही त्याच्यामागे जातो. तेराव्याला सगळे जमलेलेच असतात, सह्या तेव्हाच उरकाव्यात.

निकाल लागलाच तर खचू नये. अपील आहे, त्यानंतर दरखास्त आहे. हिंदुस्थानात पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने 1872 सालीच म्हणून ठेवले आहे.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळून राहा. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील करता येत नाही. तुमचे प्रकरण तिथे लागल्याची नोटीस आली, तर त्या दिवशी घराबाहेर पडू नका. चुलतभावालाही पडू देऊ नका.