जुलैतला भाडेकरू: होतकरू घरमालकांसाठी मार्गदर्शन

घर भाड्याने देऊन बसून खाण्याची इच्छा झाली, की सर्वप्रथम गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा नकाशा घ्यावा आणि मोपाच्या विमानतळाभोवती एक वर्तुळ काढावे. ते केवढे असावे हे दलाल सांगेल. धारगळ, तुये, हरमल त्यात येतातच. भाव चढला की डिचोलीही येते. मोपाच्या या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले, 5 जानेवारी 2023 पासून प्रवासी विमाने सुरू झाली, आणि तेव्हापासून इथला प्रत्येक फ्लॅट विमानतळापासून 'दहा मिनिटांवर' आहे. ही दहा मिनिटे कुणाच्या घड्याळातली, हे विचारू नये. विचारायचाच तर एक प्रश्न विचारावा: या घरात जुलैत कोण राहणार? आमचे सारे मार्गदर्शन या एका प्रश्नात संपते. पुढचे परिच्छेद त्याचे उत्तर टाळू पाहणाऱ्यांसाठी आहेत.

पुढची पायरी हिशेबाची. ती बहुतेक जण गाळतात, आणि म्हणूनच त्यांचा उत्साह टिकतो. समजा, फ्लॅट 80 लाखांचा, त्यातले 60 लाख कर्जाचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 52 हजार. भाडे आले 20 हजार. म्हणजे वर्षाला किमतीच्या तीन टक्के, आणि घरपट्टी, सोसायटी, रंगरंगोटी अजून बाकीच. भाडेकरूने आपल्या घरात राहावे म्हणून दरमहा 32 हजार रुपये खिशातून घालणे, याला गुंतवणूक म्हणतात. यावर चतुर माणूस म्हणतो, आम्ही पर्यटकांना रोजाने देऊ. जरूर द्यावे. रात्रीला 3 हजार, महिन्याला पंधरा रात्री, नोव्हेंबर ते मार्च असे पाच महिने: झाले सव्वादोन लाख. वर्षभराच्या साध्या भाड्यापेक्षा हे 15 हजारांनी कमीच. शिवाय चादरी धुणारा, किल्ली देणारा आणि कमिशन घेणारा यांचे वेगळे, 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखालची नोंदणी वेगळी, आणि पाहुणा परदेशी असला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणे हे आपले आनंदाचे कर्तव्य.

एवढ्यानेही उत्साह मावळला नाही, तर पेडण्यात पैसे घालण्याआधी डिचोलीला जावे. एकाच गोष्टीवर सारा तालुका उभा करण्याचा प्रयोग तिथे आधीच होऊन गेला आहे. खनिजाला मागणी होती तेव्हा ट्रक घेणे हीच शहाण्याची गुंतवणूक होती. बँक कर्ज द्यायला तयार, फेऱ्या ठरलेल्या. मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने. 2014 मध्ये बंदी उठली आणि लोकांनी पुन्हा श्वास घेतला. फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांची नूतनीकरणे रद्द झाली आणि मार्चपासून काम पुन्हा ठप्प. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र धावत राहिले. दारातल्या ट्रकला निदान चाके तरी असतात.

पर्यटन म्हणजे खाण नव्हे, त्याला कोण बंद करणार, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पर्यटनाला बंद करावे लागत नाही, ते आपोआप थांबते. मार्च 2020 मध्ये एका विषाणूने थांबवले. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनात युद्ध पेटले आणि रशियन पाहुण्यांवर भिस्त ठेवणाऱ्या मोरजीला दूरच्या रणांगणाचा भूगोल शिकावा लागला. आणि या दोन्हींची गरज नसलेला पाऊस तर दर जूनला येतोच.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक असतो: भाडे गेले खड्ड्यात, जागेचा भाव तर वाढतो! वाढतो, हे कबूल. पण मग तो भाड्याचा धंदा नाही, भाववाढीवर लावलेली पैज आहे. तिला तिच्या नावाने हाक मारावी. आणि पैज जिंकल्यावरही विकायला कागद लागतात. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर किती नावे आहेत ते मोजावे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा असा, की सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोचीही सही लागते. वारसांपैकी कुणी मुंबईत, कुणी लिस्बनला, कुणी स्विंडनला. परसात कुणाची झोपडी दिसली, तर तो 1975 च्या कायद्याने संरक्षण मिळालेला मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, नाही ना, हे आधी पाहावे. मालकीचा प्रश्न किती काळ पुरतो, याचा धडा डिचोली तालुक्यातच मये गावाने दिला आहे. गोवा मुक्तीनंतर तिथली जमीन निर्वासित मालमत्ता ठरली, तिच्यासाठी 1964 चा कायदा आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हक्क मिळवून देण्यासाठी पुढचा कायदा यायला 2014 उजाडले.

तरीही सुरुवात करायचीच असेल, तर वर्तुळ पुसावे आणि तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलताना बाहेर पडणारी माणसे पाहावीत. त्यांना समुद्र दिसणारी गॅलरी नको असते. न गळणारे छप्पर, नळाला पाणी आणि बसथांबा हवा असतो. भाडे बेताचे मिळेल, पण पावसातही मिळेल. ते घर किनाऱ्यावरच्या घराइतके देखणे नसेल, नातेवाइकांना दाखवायला फोटोही बरा येणार नाही. घर पाहायला मात्र जुलैतच जावे, छत्री घेऊन. दलाल त्या दिवशी आला नाही, तर भाव उतरवून मागावा.